बॅटरी उतरू नये म्हणून

शनिवार, ७ मार्च

ऑडिटरबाई,

‘प्रिय’ लिहायचं की नाही हे वकिलांना विचारायचं राहून गेलं, म्हणून तूर्त एवढंच. फोन करायचा नाही, काय असेल ते कागदावर कळवायचं, असं तू बजावून गेलीस. ठीक आहे. माझं अक्षर लागत नाही म्हणून जन्मभर कुरकुर केलीस, आता बस डोळे फोडत.

मुद्द्यावर येतो. घर आईचं होतं म्हणून ते माझं. तुझे दागिने तुझे. भांडी तुला नकोत. मूल नाही. (वकील म्हणाले, ‘मूल नाही ते एक बरं, सोपं पडेल.’ असं म्हणतं का कुणी? त्यांच्या मागच्या दाढेला कीड लागली आहे. मला दिसली. मी सांगितलं नाही.) उरली गाडी. ती दोघांच्या नावावर, तेव्हा ती विकायची आणि येतील ते निम्मे निम्मे.

तुझं म्हणणं, शोरूममध्ये नेऊन द्यावी, एका दुपारी काम उरकतं. अगं, शोरूमवाला गाडीभोवती एक फेरी मारतो, कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करतो, प्रत्येक ओरखड्याचे पैसे कापतो. मग तीच गाडी धुऊनपुसून काचेआड उभी करतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. आपण स्वतः गिऱ्हाईक शोधलं तर कितीतरी जास्त मिळतील. हे मी तुला सांगायचं? विमा कंपनीत लोकांचे हिशेब तपासतेस ना तू?

तर मी जाहिरात टाकली आहे. फोटो मीच काढले, एकात माझा अंगठा आलाय. मजकूर असा: ‘एकाच मालकाची, फार कमी चाललेली, काचा बंद केल्यावर बाहेरचा आवाज आत येत नाही.’ आतला आवाज बाहेर जात नाही, असंही लिहिलं होतं, मग खोडलं. म्हटलं लोक विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक?

गिऱ्हाइकं आली की कळवतो.

— दातवाला

रविवार, १५ मार्च

ऑडिटरबाई,

चार ओळींचं का होईना, उत्तर आलं. पण ‘आपले पत्र मिळाले’ म्हणजे काय? आपले? आईसमोर ‘अहो’ आणि गाडीत बसल्यावर ‘अरे मूर्खा’ म्हणणारी बाई मला ‘आपण’ म्हणायला लागली! वाचून मी इकडेतिकडे बघितलं, म्हटलं खोलीत दुसरं कुणी आलंय की काय.

असो. ‘किती जण येऊन गेले’ असं विचारलंस. सांगतो.

पहिला आला एक निवृत्त हेडमास्तर. गाडी घ्यायला आला होता की तोंडी परीक्षा घ्यायला, देव जाणे. टायर कधी बदलले, ऑइल कधी बदललं, कुठे ठोकली होती का. मी हात मागे बांधून उभा, आणि उत्तरं चुकतायत. शेवटी त्याने किलोमीटरचा आकडा बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘एवढ्या वर्षांत एवढीच चालली? आकडा मागे फिरवलाय तुम्ही.’ माझं टाळकंच सणकलं. म्हटलं, ‘मास्तर, मी दात काढतो, आकडे फिरवत नाही.’

पण त्याला खरं काय सांगणार होतो? ही गाडी आम्ही चालवली कमी आणि तिच्यात नुसते बसलो जास्त, हे कुणाला पटेल? आतल्या खोलीत आई असायची. अंथरुणाला खिळलेली नव्हती, पण तिचे कान असे तिखट की भिंतीपलीकडे चमचा पडला तरी ‘काय फुटलं?’ विचारायची. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही असं तू आल्या आल्या ठरवलंस, आणि मीही मान डोलावली. मग भांडायचं कुठे? जेवणं झाली की मी मोठ्याने सांगायचो, ‘बॅटरी उतरू नये म्हणून जरा गाडी सुरू करून येतो.’ तू म्हणायचीस, ‘मीही येते, पाय मोकळे होतील.’ आणि खाली जाऊन, काचा वर करून, आपण एकमेकांचे वाभाडे काढायचो. काय पण शिव्या दिल्यास तू मला त्या चामड्याच्या सीटवर बसून! लोक अशा गाड्या मिरवायला घेतात. आपल्याला ती भांडायची खोली म्हणून उपयोगी पडली.

हे मास्तरांना सांगितलं नाही. ते गेले.

मग एक कुटुंब आलं. नवरा, बायको, मेव्हणा आणि मेव्हण्याची बायको. चौघांनी आळीपाळीने एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून फोटो काढून घेतले. ‘कळवतो’ म्हणाले. घ्यायची नव्हतीच त्यांना, चेहऱ्यावर लिहिलं होतं. मी तरी वर बोलावून चहा पाजला. मेव्हणा भिंतीवरचे फोटो बघत म्हणाला, ‘तुम्ही एकटेच का घरात?’ मी म्हटलं, ‘सध्या.’ तास-दीड तास बसले. बरं वाटलं. दवाखान्यात दिवसभर माणसं असतात गं, पण त्यांची तोंडं उघडी असली तरी ती बोलू शकत नाहीत. मीच विचारतो आणि मीच उत्तर देतो.

तर अजून विकली गेलेली नाही. धीर धर.

— दातवाला

शुक्रवार, २७ मार्च

पकडलंस.

मला वाटलंच होतं, फोनवरच्या त्या माणसाचा आवाज गाडी घेणाऱ्याचा नव्हता. फार अदबीने बोलत होता. तुझ्या ऑफिसातला होता होय! आणि तुझ्या सांगण्यावरून गिऱ्हाईक बनून फोन करतो? लोकांचे हिशेब तपासता तपासता नवऱ्याचेही तपासायला लागलीस? नवऱ्याचे म्हणजे माझे. जे काय आहे ते.

हो, मी त्याला सांगितलं की गाडी चढावर धूर सोडते. मागचं दार कुरकुरतं, हेही सांगितलं. सीटांना कुबट वास येतो, हे जरा जास्तच झालं, मान्य. तो बिचारा गोंधळून म्हणाला, ‘मग लोकांनी घ्यावी तरी कशाला?’ मी म्हटलं, ‘तेच तर मी म्हणतोय.’

त्याच्याआधी दोघांना ‘विकली गेली’ म्हणून सांगितलं. एकाला किंमत अशी सांगितली की त्याने खळखळून हसून फोन ठेवला. तुला सगळंच कळलं आहे तर हेही कळू दे.

आता तू लिहितेस, ‘आपल्या या वागण्याचा हेतू कृपया स्पष्ट करावा.’ करतो स्पष्ट. गाडी विकली की तुला लिहायला माझ्याजवळ काही उरत नाही. घराचं मिटलं, बँकेचं मिटलं, भांड्यांचं मिटलं. ही एक गाडी उभी आहे तोवर तू माझं पाकीट फोडतेस, वाचतेस, चार ओळी का होईना खरडतेस. पोस्टमन दवाखान्याच्या जिन्यावर दिसला की मी पेशंटला तसाच खुर्चीत आडवा ठेवून बाहेर येतो. गाडी गेली की तो माझ्याकडे फक्त विजेची बिलं घेऊन येणार. मला त्याची भीती वाटते. झालं स्पष्ट?

रागावली असशील. रागाव. पण फाडून टाकण्याआधी एक गंमत ऐक. परवा खाली गेलो आणि उगीच आत बसलो, माझ्या सीटवर. तुझी बाजू रिकामी. भांडायला कुणी नाही, तर रेडिओ लावला. दिवा चालू, पंखा चालू, बसलो. काल किल्ली फिरवली तर गाडी मेल्यासारखी गप्प. इतकी वर्षं आईला जी थाप मारत आलो ती खरी झाली बघ. बॅटरी उतरली.

नवी टाकून घेतली आहे. माझ्या खर्चाने.

— दातवाला

शनिवार, ११ एप्रिल

ऑडिटरबाई,

तू उत्तर दिलं नाहीस. देणार नाहीस असं धरून चाललो होतो. पण आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दिवेलागणीला एक जोडपं आलं. तो कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर, ती शाळेत शिकवते. वय आपण गाडी घेतली तेव्हाचं. दोघांनी गाडी नीट पाहिली, चालवून पाहिली, मी धूर-बीर काही बोललो नाही. शपथेवर. मग ती म्हणाली, ‘काका, आम्ही दोघं जरा आत बसून ठरवू का?’ (काका! दाढी करून बसलो होतो तरी.) मी म्हटलं बसा खुशाल, आणि वर येऊन गॅलरीत उभा राहिलो.

अगं, आपण कधी वरून पाहिलंच नाही ती गाडी. आपण नेहमी आत. मला वाटायचं काचा लावल्या की झालं, जगाला आपला पत्ता नाही. गॅलरीतून सगळं दिसतं! त्याचे हात दिसत होते, तिची मान हलताना दिसत होती. शब्द एक ऐकू येत नव्हता, पण भांडण आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. घरी त्याच्या आईला काय सांगायचं, किंवा इतके पैसे गाडीत घालायचे का, असंच काहीतरी असणार. मधेच तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. अगदी तुझ्यासारखं. तो स्टिअरिंगला धरून बसला. मग त्याने काहीतरी म्हटलं, आणि ती हसली. हसू आवरेना तिला. मला वरून दिसत होतं.

मग दार उघडलं आणि गाडीतला दिवा लागला. आणि माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले, चहाचं आधण ठेवायला.

भांडं हातात घेतलं आणि तिथेच थांबलो. आई कशी काय दर वेळी बरोबर तयार असायची? आपण वर येऊन चपला काढेपर्यंत तिघांचा चहा गाळलेला. आपण कधी विचारलंही नाही. तुझे डोळे सुजलेले, माझा आवाज बसलेला, आणि ती कपबशा पुढे करून म्हणायची, ‘घ्या. गार होतोय.’ म्हणजे ती रोज गॅलरीत, मी उभा होतो त्याच जागेवर, अंधारात उभी राहून वाट बघत होती, दिवा लागायची. एवढ्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाही. आपण तिच्यापासून लपवत होतो आणि ती आपल्यापासून.

मला रडू आलं. लपवत नाही. त्या दोघांना चहा दिला तेव्हा ती पोरगी म्हणाली, ‘काका, बरं नाही का?’

त्यांना गाडी हवी आहे. सांगितली ती किंमत द्यायला तयार आहेत, जाहिरातीतली, कमी न करता. मी म्हटलं दुसरी सही बायकोची लागेल, विचारून सांगतो. तेव्हा विचारतो. या वेळी खरंच विचारतो, चालढकल नाही. देऊ का?

— दातवाला

सोमवार, २० एप्रिल

चक्क पाठपोट पत्र! दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

तर चहाचं तुला ठाऊक होतं म्हणे. आणि आई एकदा तुला म्हणाली होती, ‘आज बॅटरी लवकर भरली वाटतं?’ आणि तू हे मला आत्ता सांगतेस! काय बेरकी बायका तुम्ही दोघी. मी मधल्या मधे मूर्ख ठरलो, रोज जिन्यात उभं राहून बॅटरीची थाप मारत.

पण त्या जोडप्याला नाही द्यायची, असं तू लिहिलंयस. का, तेही लिहिलंयस. शोरूममध्ये दिली की ती पुढे कुणाकडे गेली हे कळत नाही, आणि तुला तेच हवं आहे. रस्त्यात कधी शेजारून गेली तर आत कोण बसतं हे तुला माहीत असायला नको. मला इतके दिवस वाटत होतं, तुला माझ्यापासून लवकरात लवकर सुटायचं आहे, म्हणून शोरूम शोरूम करतेस. मी पैशांवरून तुला ऐकवत होतो. तू तोंडाने एकदा तरी बोलायचंस.

ठीक आहे. नुकसान गेलं खड्ड्यात. त्या दोघांना नाही म्हणून कळवलं. पोरगी हिरमुसली. मी त्यांना सांगितलं, कुठलीही घ्या, लहान घ्या, फक्त काचा घट्ट बसतात ना ते बघून घ्या. तो हसला. तिला अर्थ कळला असावा.

शोरूमवाले म्हणतात, ज्यांच्या नावावर आहे त्या दोघांनी समक्ष यायला हवं, सही त्यांच्यासमोर. तेव्हा गुरुवारी दुपारी. तू टॅक्सीने ये, मी गाडी घेऊन येतो. दवाखाना बंद ठेवतोय.

— दातवाला

शनिवार, २५ एप्रिल

ऑडिटरबाई,

गाडी गेली. पैसे तुझ्या खात्यात पोचले असतील. लिहायला निमित्त उरलेलं नाही, तरी लिहितोय. वाचायचं नसेल तर इथेच थांब.

अजून आहेस? मग ऐक.

गुरुवारी तू आत आलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही क्षणभर. केस कापलेस. चांगले दिसतात. तेव्हा म्हणायला सुचलं नाही, कारण शोरूमची ती किंमत लावणारी बाई माझ्यासमोर उभी होती आणि बंपरवरचा ओरखडा बोट ठेवून दाखवत होती. तोंड अगदी मी म्हटलं होतं तसं. ‘जुनी देऊन नवी घेतलीत तर वर थोडे वाढवून देऊ’ म्हणाली. मी म्हटलं, एकट्या माणसाला दवाखान्यापर्यंत चालत जाता येतं. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. मी दुसरीकडे बघितलं.

मग ‘कागद तयार होईपर्यंत बसा’ म्हणाली, आणि त्या बसायच्या खोलीत टीव्ही एवढ्याने बोंबलत होता की तूच म्हणालीस, ‘गाडीत बसू.’ तू म्हणालीस हं. मी नाही.

दार लावलं. तू तुझ्या बाजूला, मी माझ्या. मी काच वर केली, सवयीने. आणि तू एवढा वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर काढलंस. ‘मूर्खा, धूर सोडते म्हणून सांगतोस? लाज नाही वाटत?’ ‘आपण’-बिपण सगळं गेलं वाऱ्यावर. मीही ऐकून घेतलं नाही. आई गेल्यावर तूच गप्प झालीस, मी म्हटलं. तू म्हणालीस, ‘तू वर्तमानपत्राच्या मागे जाऊन बसलास.’ मी म्हटलं, मग विचारायचंस. तेव्हा तुझा आवाज एकदम खाली आला. म्हणालीस, ‘कुठे विचारू? त्या घरात मला तुझ्याशी मोठ्याने बोलायची सवयच नव्हती. आई गेल्या, बॅटरीची थाप मारायचं कारण संपलं, आणि आपण खाली जायचं बंद केलं. वर काय बोलायचं असतं ते मला कधी ठाऊकच नव्हतं.’

याचं उत्तर आत्ता दोन दिवसांनी सुचतंय. मलाही ठाऊक नव्हतं गं. सगळं जग म्हणतं आपण भांडून वेगळे झालो. आपण भांडायचं सोडलं म्हणून वेगळे झालो, हे कुठल्या वकिलाला सांगणार?

मी काहीतरी म्हणणार होतो, तेवढ्यात त्या बाईने काचेवर टकटक केलं. काचा आतून धुरकटल्या होत्या. तिला वाटलं असेल आपण काय करतोय! तू पदराने डोळे पुसलेस, दार उघडलंस, दिवा लागला. सह्या केल्या. किल्ल्या मी तिच्या हातात दिल्या, दोन्ही जोड. तुझी टॅक्सी आली, तू काच खाली केलीस, वाटलं काही बोलशील, पण ड्रायव्हरला पत्ता सांगायला लागलीस. मी चालत घरी आलो. बरंच लांब पडलं.

घरी गॅलरीत गेलो. खाली जागा रिकामी, मधोमध तेलाचा एक डाग. वॉचमनने विचारलं, ‘साहेब, गाडी कुठंय?’ मी म्हटलं, गेली. तो म्हणाला, ‘आणि बाईसाहेब?’ एवढे महिने त्याने विचारलं नव्हतं.

काल मी एक प्रयोग केला. हसू नकोस. दुपारी हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि तुला मोठ्याने एक सणसणीत शिवी दिली. तीच, तू माझ्या चुलतभावाला जेवायला बोलावलं नव्हतंस तेव्हाची. आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला, आईच्या खोलीत गेला, परत आला. कुणी ‘काय फुटलं?’ विचारलं नाही. मी उत्तराची वाट बघत बराच वेळ उभा होतो. शिवी नुसती देऊन भागत नाही, परत देणारं माणूस समोर लागतं.

तेव्हा एक दिवस ये. परत ये म्हणत नाही, नुसती ये. पाकीट, सही, हिशेब, काही नको. भांडायला ये. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवतो, शेजाऱ्यांना ऐकू दे. तुला त्या घरात मोठ्याने बोलायचं आहे ना, मग बोल, मी वर्तमानपत्र बंद केलं आहे. चहा आधी टाकणार नाही. आधी भांडण होऊ दे, मग टाकीन.

— दातवाला